गाडीतला नमदा

"एसी काढून टाका," दिपाली म्हणाली, आणि जिलानीभाईने हातातला पाना खाली ठेवून तिच्याकडे पाहिले.

पडेगावच्या त्याच्या गॅरेजात लोक एसी दुरुस्त करायला येत, गॅस भरायला येत. उन्हाळ्यात तर त्याला जेवायला फुरसत नसे. पण ऐन मे महिन्यात, सकाळी आठलाच पत्रे तापलेले असताना, चालता एसी उतरवून द्या म्हणणारे गिऱ्हाईक त्याच्या दारात पहिल्यांदाच उभे होते.

"भाभी, लोगां लगाने को आते. तुम्ही काढायला आलात?"

"व्हय. समदा काढा. नळ्या, जाळ्या, जे काय असंल ते. गाडीवर बोजा ठेवू नका."

"आदिनाथभाईला सांगितलं?"

"रात्रीच सांगितलं."

सांगितले होते, हे खरे. त्यावर नवरा काय म्हणाला ते तिने सांगितले नाही. आदिनाथ ताटावरून उठला होता आणि दाराशी जाऊन म्हणाला होता, "माझी आय उन्हानं गेली, दिपाली. आता बापाच्या डोक्यावरचा गारवा तू काढ." मग रात्रपाळीला निघून गेला होता. जाताना चपला इतक्या जोरात आपटल्या, की शेजारचे कुत्रे भुंकत सुटले.

त्याचेही चूक नव्हते. दोन उन्हाळ्यांमागे त्याची आई बानाबाई खुलताबादच्या वरच्या माळावर मेंढरांमागे होती. दुपारी चक्कर येऊन पडली ती पुन्हा बोललीच नाही. आदिनाथ तेव्हा वाळूजच्या कारखान्यात होता. तो पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. वर्षश्राद्ध झाले आणि त्याने ही जुनी, सात माणसांची पांढरी गाडी घेतली. इंजिन कसे आहे, टायर कसे आहेत, काही विचारले नाही. एवढेच विचारले, "एसी गार करतो का?" तेव्हापासून बापाला, म्हणजे मुंजाबाला, तो उन्हात पाऊल टाकू देत नसे. गाडीत बसवायचा, सगळ्या काचा वर करायचा, आणि थंडीचे बटण शेवटापर्यंत फिरवायचा. कुणी चुकून काच खाली केली तर "गारवा जातो ना!" म्हणून वस्सकन अंगावर यायचा. गल्लीत लोक गालात हसत. धनगराचा म्हातारा बर्फाच्या पेटीत बसून फिरतो, म्हणत. आदिनाथला त्याचे काही वाटत नसे. आईला देता आले नाही ते तो बापाला देत होता, आणि दुप्पट देत होता.

अडचण एकच होती. यंदा गाडी घाट चढेना.

मुंजाबाची मेंढरं उन्हाळाभर वरच्या माळावर असत. मुंजाबाचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्याला चालत जाणे शक्य नव्हते. गडी म्हणून नात्यातला कारभारी ठेवला होता. पोरगा प्रामाणिक, पण आवाज असा की मेंढरांनी त्याच्याकडे मान वळवून पाहू नये. मेंढरू काठीला भिते, पण चालते आवाजामागे. मुंजाबा रोज माळावर गेला तर मेंढरांचा खांड, म्हणजे कळप, ताब्यात राहायचा. नाही गेला तर मेंढरं चारी दिशांना. मागच्या आठवड्यात ती एका शेतकऱ्याच्या चाऱ्याच्या घासात घुसली आणि पुरा तुकडा साफ करून बाहेर आली. शेतकरी कारभाऱ्याला मारायला धावला. आणि दोनदा गाडी म्हाताऱ्याला घेऊन निघाली, ती दोन्ही वेळा दौलताबादच्या चढावर वाफ सोडत उभी राहिली. दुसऱ्या वेळी तर जुन्या दरवाजाच्या तोंडाशीच अडकली. पुढे-मागे हॉर्नांचा नुसता कालवा उठला.

त्या रात्री आदिनाथने व्यापाऱ्याला फोन केला. रविवारी या आणि खांड घेऊन जा.

मुंजाबाने ते ऐकले. भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसून राहिला. पण दिपालीने त्याचे तोंड पाहिले. तीही मेंढपाळाच्याच घरची, बिडकीनकडची. तिच्या आजोबांची मेंढरं विकली गेली, तेव्हा तिने बघितले होते: तो पायांनी धड असलेला माणूस दिवाळीपर्यंतसुद्धा राहिला नाही. सकाळी उठायला त्याला कारणच उरले नव्हते. सासऱ्याचे तसे होऊ द्यायचे नाही, हे तिने तिथेच, ताटे उचलता उचलता ठरवले. आणि दिपालीने एकदा ठरवले की ठरवले. त्यापुढे सासर काय नि माहेर काय, सगळे हात टेकत.

तिने जिलानीभाईला फोनवर विचारले होते, की चढावर इंजिन तापते ते कशाने. त्याने सांगितले, की एसी चालला की इंजिनावर भार येतो. शिवाय एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते, तिची गरम हवा रेडिएटरवर जाते. गाडी जुनी. "बंद ठेवून चढवा," तो म्हणाला होता. पण आदिनाथ गाडीत असताना एसी बंद राहणार, ही गोष्ट सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकी होती. त्यापेक्षा मुळावरच घाव घातलेला बरा.

"मग काढा," ती आता म्हणाली. "आज शुक्रवार हाय. रविवारच्या आत गाडी वर जायला पायजे."

मुंजाबा गॅरेजच्या दाराशी बाजेवर बसला होता. मे महिना, आणि अंगावर घोंगडी. पण धनगर आणि घोंगडी यांची ताटातूट कुणी कधी पाहिली आहे? दिपालीला त्यात वावगे वाटले नाही. गाडीत बसताना तो घोंगडी कधीच विसरत नसे.

जिलानीभाईने बॉनेट उघडले. आधी यंत्र आणून नळीतला गॅस त्यात ओढून घेतला. "हवेत सोडायचा नाय, भाभी. गुनाह आहे," म्हणाला. मग एसीचा पट्टा काढला. तो वेगळाच होता, त्यामुळे इंजिनाला धक्का लागला नाही. पट्ट्याने फिरणारा काळा जड कॉम्प्रेसर त्याने खालून सोडवला, आणि दिपालीने तो दोन्ही हातांनी झेलून पोत्यावर ठेवला. चांगल्या वाढलेल्या कोकराइतका भरला. डॅशबोर्ड उघडून आतली थंडीची जाळी काढली. नळ्यांची भोके राहिली, ती त्याने रबरी बुचे मारून बंद केली. हवा फेकणारा पंखा तेवढा दिपालीने राहू द्यायला सांगितला. ती पाने उचलून देत होती, बॅटरीचा उजेड धरत होती, घाम कोपरानेच पुसत होती. दर नटाबरोबर तिला वाटत होते, आता मागे फिरता येणार नाही. बरेच झाले, असेही वाटत होते.

शेवटी राहिली ती पुढची जाळी, रेडिएटरच्या तोंडाला लागून बसलेली. जिलानीभाईने तिचे चार नट काढले, ओढली, तर ती निघेना. पुन्हा ओढली.

"अरे, ये क्या चिपका है?"

त्याने जाळी पुढे झुकवली, आणि तिच्यामागून राखाडी रंगाचा एक जाड थर लोंबला. दिपालीने बोट लावून पाहिले. मऊ होता. जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत लोकर गच्च भरली होती. वाफ, धूळ, तेल आणि उष्णता खाऊन ती दाबली गेली होती, आणि आता तिची एकसंध चादर झाली होती. अंगावर रेडिएटरच्या पात्यांच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. जिलानीभाईने ती हळूच सोडवून घेतली आणि दारातल्या उजेडात धरली. राखाडी लोकरीत ठिकठिकाणी पिवळे ठिपके होते.

पिवळे दिसले आणि दिपालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो भंडारा होता.

शिमग्याच्या आधी मेंढरांची कातरणी झाली होती, पडेगावला, घरामागच्या मोकळ्या जागेत. त्यांच्या घराची रीत अशी, की कातरणीला घरातल्या थोरल्याने हजर राहायचे, पहिल्या मेंढीला भंडारा लावायचा, आणि शेवटचे मेंढरू कातरून होईपर्यंत तिथून उठायचे नाही. मुंजाबाने भंडारा उधळला होता. पण ऊन चढले तसा आदिनाथ बेचैन झाला. त्याने गाडी कातरणीला खेटून आणली, बापाला आत बसवले, काचा लावल्या, आणि दिवसभर इंजिन चालू ठेवून एसी लावला. रीतही मोडली नाही आणि बापाला ऊनही लागले नाही, म्हणून स्वतःवरच खूश होता. बाहेर कातरी चालल्या होत्या, लोकर उडत होती, आणि गाडीचा पंखा जमिनीवरची लोकर भंडाऱ्यासकट खालच्या फटीतून दिवसभर पोटात ओढत होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा. गाडीचा श्वास बंद केला तो मायेने.

"भाभी," जिलानीभाई डोके खाजवत म्हणाला, "सच बोलू का? दोष एसीचा नव्हता. रेडिएटरला हवाच मिळत नव्हती. आता ही निघाली. तुम्ही म्हणाल तर सगळं परत बसवून देतो. गाडी घाट चढेल, एसीसकट."

दिपाली पोत्यावरच्या ढिगाकडे बघत राहिली. सकाळपासून कंबर कसून जे काढले, त्याची गरजच नव्हती तर. एसी परत बसला तर नवराही खूश, मेंढरंही राहतील. भांडायला काही उरलेच नाही. "बसवा" हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता.

तेवढ्यात मुंजाबा बाजेवरून उठून काठी टेकत आला. त्याने तो लोकरीचा थर हातात घेतला, चाचपला, नाकाला लावला.

"नमदा हाय ह्यो," म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "घोड्याच्या पाठीवर घालायचो खोगिराच्या खाली. भिजवायचो, तुडवायचो, दोन-दोन दिस लागायचे. आन् ह्या गाडीनं घरच्या घरी केला की गं!"

दिपालीला हसू आले. "मामा, दोष ह्याचा व्हता. एसी परत बसवता येतोय. बसवू ना?"

मुंजाबाचे हसू विझले. तो नमद्यावरून हात फिरवत राहिला.

"बसव," म्हणाला. मग घोंगडी खांद्यावर सारखी केली.

आता मात्र दिपालीने त्या घोंगडीकडे नीट पाहिले. बाहेर अंगाची लाही होत होती. गॅरेजात मुंजाबाच्या कपाळावर घाम होता आणि तो घोंगडी सैल करून बसला होता. पण गाडीत बसला की तो ती गळ्यापर्यंत ओढून घ्यायचा, पाय पोटाशी घ्यायचा. हे तिने वर्षभर पाहिले होते आणि एकदाही तिच्या मनात आले नव्हते.

"मामा, खरं सांगा. गाडीत थंडी वाजती का तुम्हाला?"

मुंजाबाने इकडेतिकडे बघितले, जणू आदिनाथ मागेच उभा होता.

"त्या गारव्यानं गुडघं धरत्यात पोरी," तो हळू आवाजात म्हणाला. "उतरलो की घटकाभर पाय उचलत नाय. आन् काचा बंद. बाहीर मेंढरू दिसतं, पर वरडलं का गप हाय, काय कळत नाय. टीव्ही बघितल्यावानी. पर त्याला सांगू नकोस. त्यानं आयच्या दुःखानं घेतलीय गाडी. मी कसं म्हणू, मला नको म्हणून?"

बापाने पोराच्या मायेपायी वर्षभर हाडे गोठवून घेतली होती, आणि पोराला वाटत होते आपण पांग फेडतोय. दोघांपैकी एकानेही तोंड उघडले नव्हते. तिला दोघांचाही राग आला, आणि दोघांचीही कणव आली.

"जिलानीभाई," ती म्हणाली, "जाळी बसवू नका. पाणी भरा आन् गाडी चालू करा."

गाडी चालू झाली तेव्हाच आदिनाथ आला, रात्रपाळीला जोडून जादा तास करून थेट. डोळे तांबडे होते. पोत्यावर एसीची हाडे-काडे पडलेली पाहून तो जागच्या जागी थांबला. जिलानीभाई खरा माणूस. त्याने काही न लपवता सगळे सांगितले, लोकरीचे आणि भंडाऱ्याचेही.

"म्हंजी एसीचा दोष नव्हताच?" आदिनाथ म्हणाला. "मग लावा की परत! आत्ताच्या आत्ता!"

"नाय," दिपाली म्हणाली.

"का नाय?"

"आधी घाट चढा. तुम्हीच चालवा. वर जाऊन परत येऊस्तोवर मामांना उन्हाचा जरा जरी तरास झाला, तर मी सोता हितं बसून परत लावून घेते. पुन्यांदा शब्द काढणार नाय. पर आधी चढा."

"आन् आबाला काय झालं तर?"

"तर मला माहेरी सोडून या."

मुंजाबा सरळ जाऊन पुढच्या जागेवर बसला. आधी नमदा अंथरला आणि मग त्यावर टेकला. "चला," म्हणाला, "मेंढरं वाट बघत्यात."

आदिनाथने रागारागात गाडी काढली. हात सवयीने बटणाकडे गेला. तिथे नुसते भोक होते. त्याने दात ओठ खाल्ले. चारही काचा खाली होत्या. मिटमिटा, शरणापूर मागे पडले. वारा गरम होता, पण वारा होता. दिपाली मागच्या बाजूला बसून इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होती. किल्ला समोर आला, चढ सुरू झाला, जुन्या दरवाजाच्या आत गाडी शिरली. इथेच मागच्या वेळी अडकली होती. दिपालीने पदराचे टोक मुठीत आवळले. गाडी दरवाजातून बाहेर पडली, पुढचे वळण घेतले, त्याच्या पुढचे घेतले. काटा मधोमध होता तिथेच राहिला. तिने मूठ सोडली.

मग मुंजाबाने एक गोष्ट केली. खांद्यावरची घोंगडी काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

आदिनाथचे लक्ष गेले. त्याचा चेहरा उतरला. "आबा, लई गरम होतंय ना? थांबवू का? पाणी देऊ?"

"नाय रे," मुंजाबा म्हणाला. तो पाय लांब करून बसला होता. "गुडघं मोकळं झालं."

आदिनाथने मांडीवरच्या घडीकडे पाहिले, पुन्हा रस्त्याकडे. त्याला वर्षभराच्या सगळ्या फेऱ्या आठवत असाव्यात. गळ्यापर्यंत ओढलेली ती घोंगडी प्रत्येक फेरीत त्याच्या शेजारीच होती.

"आबा, मग तुमी बोललाव का नाय?"

मुंजाबा खिडकीबाहेर हात काढून वारा मुठीत धरत राहिला. आदिनाथने आरशातून दिपालीकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही आणि जिंकल्याचा आवही आणला नाही. त्याने एकदा नाक ओढले आणि गाडीचा गिअर बदलला.

माळावर पोचले तेव्हा तिथे दाणादाण उडालेली होती. मेंढरं पांगली होती. अर्धी ओढ्याच्या अंगाला, अर्धी परत त्याच घासाच्या तुकड्याकडे तोंड करून. कारभारी काठी उगारून मध्येच धावत होता आणि धावत होता तेवढी ती लांब जात होती. बांधावर शेतकरी उभा होता, कुऱ्हाड खांद्यावर.

मुंजाबाला उतरायलाच वेळ लागला असता. उतरून तो पोचलाही नसता. त्याने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले, तळहात तोंडाला लावला आणि हाळी दिली. लांब, घोगरी, शेवटी वर चढणारी.

गळ्यात घंटी असलेल्या काळतोंड्या मेंढीने मान वर केली. मुंजाबाने दुसरी हाळी दिली. घंटी वाजली. काळतोंडी गाडीकडे वळली, तिच्यामागे दोन वळल्या, आणि बघता बघता सगळा माळ वळला. मागच्या उन्हाळ्यात हीच गाडी बंद काचांनी आली होती, तेव्हा मेंढरं बुजून पळाली होती. आज त्यांना गाडी दिसतच नव्हती. त्यांना मुंजाबा ऐकू येत होता.

"हळू घे," मुंजाबा म्हणाला, "पाण्यावर नेऊ."

आदिनाथने पहिल्या गिअरात गाडी चालवली, माणूस चालतो त्याच्याहून हळू. मुंजाबा खिडकीतून हाळी देत होता, आणि मागे सगळा खांड घंटी वाजवत येत होता. शेतकऱ्याने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. कारभारी धापा टाकत गाडीच्या मागे चालू लागला, आपणच वळवली अशा तोऱ्यात.

फोन वाजला. व्यापाऱ्याचा होता. आदिनाथने तो कानाला लावला.

"रविवारी येऊ नका," म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारले गेले. "नाय, दुसऱ्याला नाय दिली. म्हातारा हाय अजून." त्याने फोन खाली ठेवला.

मेंढरांच्या खुरांनी धुरळा उठला होता. मागून आलेल्या वाऱ्याने तो गाडीत शिरला. सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, दातांत कचकचला. मुंजाबाला ठसका लागला.

"धूळ लई हाय रे," तो म्हणाला. "लाव काच, लावायची तर."

आदिनाथने डोळे पुसले. धुळीने म्हणा, कशाने म्हणा.

"ऱ्हाऊ द्या आबा," तो म्हणाला. "आवाज आतच ऱ्हाईल तुमचा."